उंदराचे मूत्रपिंड मोजताना

उंदराचे मूत्रपिंड जेमतेम एक सेंटिमीटर लांब आणि अंगातले एकूण रक्त दीड-दोन मिलिलिटर. त्यामुळे गाळणदर काढण्यासाठी वारंवार रक्त घेतले, तर प्राणीच खालावतो. क्रिएटिनिनवरही विसंबता येत नाही. उंदरात ते गाळले जाते, तसे नलिकांवाटेही बाहेर टाकले जाते. दोनपैकी कोणते मूत्रपिंड कमी पडते, हे तर रक्त सांगतच नाही.

एमआरआयमध्ये शेपटीच्या शिरेतून गॅडोलिनियमचे संयुग सोडतात. ते मूत्रपिंडात गाळले जाते, पण नलिका ते परत शोषत नाहीत. दर एक-दोन सेकंदांनी चित्र घेतले की आधी महाधमनी उजळते, मग मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, मग आतला. महाधमनीत द्रव्य किती आले आणि मूत्रपिंडात किती साठले, यावरून गाळणदर निघतो. मात्रा मात्र बेताचीच हवी. मूत्र दाट होते तसे आतल्या थरात गॅडोलिनियमही दाटते आणि एका मर्यादेपुढे चित्र उजळायचे सोडून काळवंडते. नवख्याला तो आजार वाटतो. भूलही बेतानेच द्यावी. आयसोफ्लुरेन वाढले की रक्तदाब उतरतो, त्यापाठोपाठ गाळणही.

खरी गोम हिशेबात आहे. गॅडोलिनियम तांबड्या पेशींत शिरत नाही, ते रक्तद्रवातच राहते. म्हणून रक्तातल्या मापाला रक्तद्रवाच्या वाट्याने भागावे लागते आणि पुष्कळदा पेशींचे प्रमाण ४५ टक्के धरून मोकळे होतात. निरोगी उंदरात ते खपते, सिकलसेलच्या उंदरात नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो. या आजारात लहानपणी मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त गाळते, पुढे थकत जाते. क्रिएटिनिन मात्र बराच काळ ठीक दिसते. फक्त माणसाचेच सिकल हिमोग्लोबिन असलेले उंदीर १९९७ मध्ये अमेरिकेत तयार झाले. त्यांच्यावर हा सुरुवातीचा टप्पा अभ्यासता येतो.

पण हे उंदीर पंडुरोगी. समजा पेशी ३० टक्केच आहेत आणि हिशेब ४५ ने केला, तर ७० ऐवजी ५५ ने भागले जाते. रक्तद्रवातले द्रव्य सव्वापटीहून थोडे अधिक दिसते आणि गाळणदर पाचव्या हिश्शाने कमी भरतो. म्हणजे नेमके जे वाढलेले गाळण शोधायचे, तेच झाकले जाते. चित्रणानंतर केशनळीत थेंबभर रक्त घेऊन ते फिरवले की पेशींचे खरे प्रमाण मिळते. त्याच आकड्याने प्रत्येक उंदराचा हिशेब स्वतंत्र करावा.