तालमीतला नवा खेळ

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल संघांच्या नावातच तालीम असते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या आखाड्यांशी जोडलेल्या या मंडळांनी फुटबॉल आपला मानला आणि पेठांनी तो डोक्यावर घेतला. त्यामुळे नोकरीनिमित्त जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला आलो, तेव्हा तिथलं शाल्के ०४ या क्लबचं वेड मला परकं वाटलं नाही. १९०४ साली खाणकामगारांच्या वस्तीत जन्मलेला हा क्लब. खाणी बंद पडल्या, पण स्टेडियममध्ये मैदानाकडे जाणारा बोगदा अजूनही खाणीतल्यासारखा सजवलेला आहे. हा क्लब कुणा धनिकाच्या मालकीचा नाही. त्याचे दीड लाखांहून अधिक सदस्य हेच त्याचे मालक.

मे २०१६ मध्ये या क्लबने 'लीग ऑफ लेजेंड्स' या संगणकीय खेळाच्या युरोपीय लीगमधली 'एलिमेंट्स' या संघाची जागा विकत घेतली, तेव्हा गावात मोठी चर्चा झाली. फुटबॉल क्लबने फुटबॉलचाच व्हिडिओ गेम खेळणारा एखादा खेळाडू करारबद्ध करणं लोक समजू शकत होते. पण इथे फुटबॉलचा काही संबंधच नव्हता. पाच विरुद्ध पाच खेळाडू, प्रत्येकाने निवडलेला एक योद्धा, आणि समोरच्याचा तळ आधी उद्ध्वस्त करायचा, असा हा खेळ.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त खाणकामगार राहत. मी त्यांना आजोबाच म्हणायचो आणि त्यांनाही ते आवडायचं. मला हा खेळ येतो हे कळल्यावर त्यांनी जिन्यातच गाठलं. "तूच सांग, खुर्चीत बसून कसला आलाय खेळ? आमचा पैसा असा उडवायचा?" त्यांचा राग खोटा नव्हता. पुढे २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये यंग बॉईज या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी बासेलविरुद्धच्या सामन्यात मैदानात टेनिस बॉल आणि गेमचे कंट्रोलर फेकून ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे संगणकीय खेळांच्या स्पर्धांचा, निषेध केला, तो याच रागातून.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की क्लबचा ई-स्पोर्ट्स विभाग सांभाळणारे टिम रायशर्ट स्वतः जवळच्या ओबरहाउसेनच्या संघातून व्यावसायिक फुटबॉल खेळलेले आहेत आणि ई-स्पोर्ट्सही त्यांनी सुरुवातीपासून पाहिलंय. दोन्हीकडचं पाणी चाखलेला माणूस आहे. आजोबा काही बोलले नाहीत.

त्यांचं मत बदललं ते संघ हरल्यावर. पहिल्याच हंगामात संघ खालच्या श्रेणीत घसरला. आता क्लब हात झटकणार, असं अनेकांना वाटलं. क्लबने संघ सोडला नाही. खालच्या श्रेणीत झुंजून २०१८ च्या हंगामासाठी संघ वर आला आणि त्याच उन्हाळ्यात माद्रिदला अंतिम फेरीत पोचला. फनॅटिक या संघाकडून ३-१ ने हरला, पण दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला विचारलं, "आपले कसे खेळले?" त्या 'आपले'साठी मला दोन वर्षं वाट पाहावी लागली होती.

२०१९ पासून लीगने घसरण बंद केली आणि कायमच्या जागा विकल्या. जुन्या संघांसाठी किंमत होती सुमारे ८० लाख युरो. त्या वर्षी मी बर्लिनच्या आडलर्सहोफमधल्या स्टुडिओत सामना पाहिला. सभागृह छोटंसं. मी बसलो होतो तिथून खेळाडूंचे हात दिसत. बोटं गार पडू नयेत म्हणून ते गरम पिशव्या मुठीत धरून बसले होते, आणि सामना सुरू होताच त्या बाजूला पडल्या. छातीवर क्लबचं तेच निळं-पांढरं चिन्ह, आणि माझ्या मागच्या रांगेत गळ्यात निळे मफलर घातलेली पोरं स्टेडियममधल्याच आरोळ्या देत होती. त्यातली काही थेट फ्रान्सहून आली होती. त्यांनी शाल्केचा फुटबॉल सामना कधी पाहिला नव्हता. या खेळामुळे त्यांना क्लब कळला होता.

२०२० चा उन्हाळा तर मी विसरूच शकत नाही. जानेवारीनंतर फुटबॉल संघाने लीगमध्ये एकही सामना जिंकला नव्हता. ई-स्पोर्ट्स संघाचीही पहिल्या अकरा सामन्यांत एकच जीत. मग संघात आणलेला गिलियस हा खेळाडू रुळला, आणि संघाने उरलेले सातही सामने जिंकून प्लेऑफ गाठलं. करोनामुळे सगळं ऑनलाइन होतं. मी लॅपटॉप खिडकीत ठेवायचो, आजोबा खाली अंगणात खुर्ची टाकून ऐकायचे आणि प्रत्येक विजयानंतर वर बघून मूठ उंचवायचे. जागतिक स्पर्धेचं तिकीट हुकलं ते मॅड लायन्सविरुद्ध पाचव्या, निर्णायक गेममध्ये. तरी एका सबंध वर्षात गावाच्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा आनंद त्या सात विजयांचाच होता.

एप्रिल २०२१ मध्ये बीलेफेल्डला हरून फुटबॉल संघ बुंडेसलीगातून तीस वर्षांनी खाली गेला. क्लबवर वीस कोटी युरोंहून अधिक कर्ज होतं. जूनमध्ये ई-स्पोर्ट्स लीगमधली जागा टीम बीडीएस या संघाला २ कोटी ६५ लाख युरोंना विकल्याचं जाहीर झालं. जो विभाग पैसा उडवेल म्हणून लोक चिडले होते, त्याच विभागाने संकटात क्लबच्या तिजोरीत पैसा आणला. हिशेब म्हणून निर्णय बरोबर होता. तरी मला तो लागला आणि आजोबांनाही लागला. ते म्हणाले, "फुटबॉल संघ खाली गेला, तर परत वर येईल. हा मात्र गेलाच." क्लब अडचणीत आला की नव्या खेळाचंच घर आधी विकलं जातं, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. आता आपल्याकडचे क्लबही या खेळात उतरतील. माझ्या गावातल्या तालमींनी उतरावं असं मला मनापासून वाटतं, कारण पेठेतली पोरं रात्री मोबाइलवर खेळतातच, फक्त एकेकटी. त्यांना जर्सी द्या, वस्ताद द्या, झोपेची आणि व्यायामाची शिस्त द्या. मात्र उतरण्याआधी एक ठरवा: पहिल्या हंगामात संघ हरला तरी त्याला सांभाळायची तयारी आहे का? शाल्केने ती दाखवली, म्हणूनच एका म्हाताऱ्या खाणकामगाराने त्या पाच जणांना आपलं म्हटलं. ती तयारी नसेल, तर त्या पोरांच्या अंगावर तालमीचं नाव चढवू नका.