न्युरबर्गरिंग, १९३५: दुबळ्या गाडीचा विजय

२८ जुलै १९३५, जर्मन ग्रां प्री. नाझी सत्तेचे पाठबळ लाभलेल्या मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या बलाढ्य गाड्यांसमोर ४२ वर्षांचा ताझियो नुव्होलारी जुन्या, कमी ताकदीच्या अल्फा रोमिओत बसला होता.

इंधन भरताना पंप बिघडला; दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. तरीही त्या वळणावळणांच्या डोंगरी मार्गावर त्याने एकेक गाडी मागे टाकली. आघाडीवरच्या फॉन ब्राउखिचला वेग कमी करण्याची उसंतच मिळेना. अखेरच्या फेरीत त्याचा झिजलेला टायर फुटला आणि नुव्होलारी जिंकला.

यात लोकशाहीचा विजय शोधू नये. इटलीही तेव्हा फॅसिस्टच होती. मात्र यंत्राच्या सामर्थ्यातून राष्ट्राचे श्रेष्ठत्व मिरवणाऱ्यांचा हिशेब त्या दिवशी एका माणसाच्या कौशल्याने चुकवला.