पहिलं पान आणि साका

गूगलच्या दुसऱ्या पानावर तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? आठवून बघा. मला तरी आठवत नाही. पेपर आपण शेवटच्या पानापर्यंत चाळतो, दिवाळी अंकातल्या जाहिरातीसुद्धा वाचतो, पण शोधाच्या बाबतीत पहिल्या सात-आठ ओळींत मिळालं तर ठीक, नाहीतर ते जगात नाहीच असं धरून चालतो. वाचणाऱ्याला यात काही वाटत नाही. ज्याचं पोट त्या ओळींवर असतं त्याला वाटतं.

माझ्या मामेभावाची देवगडजवळ हापूसची बाग आहे. दलालाला पेट्या देण्याऐवजी थेट घरोघरी पाठवाव्यात म्हणून त्याने कर्ज काढून पॅकिंगची शेड बांधली आणि एक साईटही करून घेतली. हंगाम कितीसा? मार्च ते मे, पाऊस लवकर आला तर तेवढाही नाही. त्या दिवसांत साईट सापडली नाही तर शेडचा हप्ता पुन्हा दलालाच्याच दारात नेऊन उभा करणार. आणि 'देवगड हापूस' असं शोधलं की वर सगळे मोठे विक्रेते. त्यांतल्या किती जणांच्या स्वतःच्या बागा आहेत, देव जाणे.

अशात त्याला एका कंपनीचा फोन आला. तीन महिन्यांत पहिलं पान, हमीसकट, शिवाय पाचशे बॅकलिंक. हे घ्यावं का, म्हणून त्याने मला विचारलं. साईट बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे घरात अशा गोष्टी माझ्याकडेच येतात.

हे बॅकलिंक प्रकरण मुळात चांगल्या कल्पनेतून आलं आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला शिकत असताना त्यांनी १९९८ साली पेजरँकची कल्पना मांडली. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत होतो यावरून त्याचं वजन कळतं, तसंच वेबपानाचं. दुसऱ्या कुणी तुमच्या पानाचा दुवा दिला म्हणजे ती एक शिफारस, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी तीही वजनदार. पण शिफारशीला भाव आला की ती विकतही मिळू लागते! एकमेकांना दुवे देण्यापलीकडे काही काम नसलेल्या हजारो साईट निघाल्या. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच तेच शब्द शंभरदा लिहून झाले. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन साईटसुद्धा अशाच एका युक्तीसाठी गूगलने काही दिवस काढून टाकली होती. शोधयंत्राला एक पान दाखवायचं आणि माणसाला दुसरं, अशी ती युक्ती. २०१२च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि विकतच्या दुव्यांवर उभ्या असलेल्या अनेक साईट धाडकन खाली आल्या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे तर गूगल स्वतःच लिहून सांगतं.

हे सगळं भावाला समजावायला मला फार कष्ट पडले नाहीत. म्हटलं, कर्नाटकचा आंबा देवगड छापलेल्या पेटीत भरतात ना, तसंच हे. तो एकदम गप्प झाला. त्या पेट्यांशी तो दरवर्षी भांडतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाजारातल्या पेटीवर काय छापलंय आणि आत काय आहे, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. कंपनीला नकार गेला.

मग आम्ही साईट उघडून बसलो. पहिल्या पानावर सगळा मजकूर म्हणजे छापील पत्रकाचा फोटो! आपल्याला मराठी दिसतं, यंत्राला नुसतं चित्र. मला जुने दिवस आठवले. युनिकोड रुळायच्या आधी मराठी साईट ज्या फाँटमध्ये असत त्यांत पडद्यावर 'आंबा' दिसायचा आणि आत रोमन अक्षरांचा अगम्य काला असायचा. तेव्हा वरच्या-खालच्या क्रमांकाचा प्रश्नच नव्हता, मराठी सापडायचीच नाही. अजूनही एक गंमत शिल्लक आहे. 'शेतकऱ्याकडून थेट' यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला एकच, पण संगणकाच्या लेखी आतले संकेत वेगळे. शोधयंत्र ते जुळवून घेईल यावर मी विसंबत नाही, सगळीकडे एकच पद्धत ठेवते. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द रोमन लिपीत शोधतात, ते वेगळंच. असो.

मजकूर नीट लिहून काढला, फोटो हलके केले, मोबाईलवर पान चटकन उघडेल असं पाहिलं. हे आवश्यकच, पण एवढं शेजारचे विक्रेतेही करतात. मग मी भावाला विचारलं, गिऱ्हाईक फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतं? म्हणाला, "आंबा वरून झकास, आणि कापला तर आत पांढरा. हे का?"

म्हणजे साका. हापूसचं जुनं दुखणं. गर मधेच पांढरट, स्पंजासारखा, आंबट होतो आणि बाहेरून काहीही कळत नाही. मी म्हटलं, यावरच एक पान लिही.

"आपल्याच आंब्याची बदनामी आपणच करूची काय?" तो भडकलाच. त्याचंही खोटं नव्हतं. पैसे भरायच्या आधी 'आत साका निघू शकतो' असं वाचलं तर कोण थांबेल? आठवडाभर आमचं बोलणं बंद. मग एका रात्री त्याने स्वतःच लिहून पाठवलं. आंबा झाडावर पिकू दिला, किंवा काढून तापलेल्या जमिनीवर ठेवला की साका वाढतो. म्हणून तो चौदा आणे तयार झालेला आंबा काढतो आणि लगेच सावलीत नेतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'त साका नसतो, पण हापूसची चव ती हापूसचीच. आणि शेवटी : साका निघाला तर फोटो पाठवा, तितके आंबे पुन्हा पाठवीन. मी त्यातली एक वेलांटी तेवढी सुधारली.

'देवगड हापूस' शोधलंत तर तो आजही पहिल्या पानावर नाही, सांगून टाकते. पण आंबा आतून पांढरा का, असं विचारणारी माणसं त्या पानावर येऊ लागली. ठाण्याच्या एका बाईंनी 'साक्याबद्दल लिहिणारा तू एकटाच दिसलास' म्हणून दोन पेट्या मागवल्या आणि पुढल्या वर्षी चार. यंदा दलालाकडे गेल्या त्या निम्म्याच पेट्या. हप्ता अजून फिटायचाय. त्यात आता नवीन भानगड. २०२४पासून गूगल कित्येक प्रश्नांचं उत्तर स्वतःच तयार करून वर देतं, मग खालच्या ओळीवर बोट ठेवायची गरजच उरत नाही. भावाने लिहिलेलं साक्याचं कारण कुणीतरी तिथेच वाचून निघून जाईल. पेटी मात्र त्याला तिथे मिळणार नाही, एवढंच.

परवा त्याने आढीचे फोटो पाठवलेत, आंबा पेंढ्यात कसा पिकवायचा त्यावरच्या पानासाठी. एकेक फोटो पाच-पाच एमबीचा. ते लहान करायला बसते आता.