कोरा समास

परवा आमच्या आंबेजोगाईच्या घरी जुनी ट्रंक आवरताना ‘ड्रॅगन’चा एक अंक हाती आला. मेजाभोवती बसून फासे टाकावे, एकेकाने एकेक पात्र व्हावे आणि कथा पुढे न्यावी, अशा खेळाचे हे अमेरिकेतील मासिक. १९७६ साली ते निघाले. २००७ मध्ये त्याची छपाई थांबली, आणि पुढे २०१३ पर्यंत ते केवळ पडद्यावर जगले.

पुतण्याने तोच अंक क्षणात फोनवर काढून दाखविला. आम्हांला तो मिळाला होता पुण्याच्या रद्दीवाल्याकडे, तोही नशिबाने! बीड जिल्ह्यातल्या पोराला आज तो घरबसल्या मिळतो, हे पडद्याचे उपकार मी कोणत्या तोंडाने नाकारू?

पण माझ्या अंकातील एका नकाशाच्या समासात मित्राने पेन्सिलीने लिहिले आहे : ‘येथे मी मेलो. पुढे तू जा.’ त्याने ते आपल्या पात्राविषयी लिहिले होते. तो स्वतः जाऊन आता नऊ वर्षे झाली. फोनवरच्या नकाशाचा समास स्वच्छ, कोरा होता.

दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी याच गावी आहे. ती पाहताना शब्दांआधी लिहिणारा हात दिसतो, याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला.

“काका, आता हा रद्दीत घालू?” पुतण्याने विचारले. मी अंक उशाशी ठेवला.