पोटऱ्यांचा व्यायाम : दोन मिनिटांचा, पण रोजचा



आजचा लेख आहे आपल्या पोटऱ्यांवर. विषय वाचून हसू आलं ना? पूर्वी मलाही आलं असतं. पण आधी तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मी मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवते. आमची बरीच मुलं डोंगरावरच्या वाड्यांतून चालत येतात. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. त्यामुळे आमच्या पोरांचे पाय मुळातच तयार, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असा माझा समज होता.

तालुक्याच्या स्पर्धेला सातवीतला एक मुलगा २०० मीटर धावण्यासाठी नेला होता. जीपमध्ये तासभर पाय दुमडून, दाटीवाटीनं बसून आम्ही पोहोचलो आणि उतरल्या उतरल्या त्याचं नाव पुकारलं. मी म्हटलं, "जा, पळ! शर्यत आपलीच आहे." अर्ध्या अंतरापर्यंत तो पहिला होता. मग एकदम पोटरी धरून खाली बसला. वांब आला होता. मी धावत जाऊन पोटरी जोरजोरात चोळू लागले, तसा तो आणखीच ओरडला. शेजारच्या शाळेच्या सरांनी मला थांबवलं. त्यांनी त्याचा गुडघा सरळ केला, पायाचा चवडा हळूहळू गुडघ्याच्या दिशेनं दाबून धरला. थोड्याच वेळात गोळा सुटला.

परत येताना तो एवढंच म्हणाला, "बाई, मी नीट पळत होतो ना?"

वांब येण्याची कारणं अनेक असतात. थकवा असतो, उन्हात पाणी कमी पडलेलं असतं. पण आखडलेल्या पायांनी त्याला पळायला लावलं ते मीच. आणि सातवी म्हणजे आमच्या शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष होतं. दुसरी संधी मी त्याला देऊ शकले नाही. डीएडला असताना शारीरिक शिक्षणाच्या पेपरात मी हे सगळं लिहून आले होते, पण मैदानावर नेमकं विसरले.

पोटरीत असतं काय?

पोटरीत मुख्य दोन स्नायू असतात. वरचा फुगीर दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली असतो सोलियस, तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोन्ही पुढे एकत्र येऊन टाचेला जाडजूड दोरीसारखे जोडलेले असतात. चालताना टाच उचलायचं काम यांचंच. शिवाय पोटरी आवळली की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. म्हणून पोटरीला कोणी कोणी 'दुसरं हृदय' म्हणतात.

ताण दिल्याने काय होतं?

घोटा मोकळा होतो. उकिडवं बसणं, चढ चढणं सोपं जातं. पोटरी आखडली की टाचेवर आणि तळपायावर ओढ येते. दिवसभर फरशीवर उभं राहून शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांची सकाळी उठल्यावर टाच दुखते, त्यातही या व्यायामानं आराम पडतो. जुलैत इथल्या आया दिवसभर चिखलात वाकून भातलावणी करतात आणि रात्री पायात वांब येतो म्हणतात. त्यांना मी झोपण्याआधी हाच ताण द्यायला सांगते. मात्र ताण दिला म्हणजे दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थांबतंच असं नाही. भलतं सांगायचं नाही.

कसा करायचा?

१. आधी तीन-चार मिनिटं चालून अंग गरम करा.
२. भिंतीला हात टेका. एक पाय पुढे, एक मागे. मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला टेकलेली, पायाची बोटं भिंतीकडे. पुढे झुका. २० ते ३० सेकंद थांबा. हा वरच्या स्नायूचा ताण.
३. आता मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच उचलू नका. हा खालच्या स्नायूचा. यालाही तेवढाच वेळ.
४. पाय बदला. झटके देऊ नका, श्वास रोखू नका. ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही.

सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनात टाचा जमिनीकडे नेतो, तोही हाच ताण. मुलं नेमक्या तिथेच टाचा वर ठेवतात, लक्ष ठेवा. आणि शर्यतीच्या अगदी आधी फार वेळ ताण धरून ठेवू नका. तेव्हा हळू पळणं, जागेवर गुडघे उचलणं चांगलं. लांब ताण शर्यत झाल्यावर द्यावा.

एकच पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली आणि दुखत असेल, तर व्यायाम आणि चोळणं दोन्ही बंद. थेट डॉक्टरांकडे जा.

आता आमच्या शाळेत परिपाठानंतर पोरं व्हरांड्याच्या भिंतीला हात टेकून रांगेनं उभी राहतात. तीस आकडे मोठ्यानं मोजतात, पहिलीच्या मुलांचं पाढ्यांआधी अंक मोजणंही पक्कं होतं. तो मुलगा आता दहावीत आहे. परवा दाखला न्यायला आला होता. पोरांना भिंतीला टेकलेलं पाहून म्हणाला, "बाई, आम्हाला नव्हतं हे."

"नव्हतं रे," मी म्हटलं. "तुझ्यामुळेच सुरू झालं."

तुमच्या शाळेत कोणाला वांब येण्याची वाट बघू नका. उद्यापासूनच सुरू करा.