जरा हळू

आमच्या घरात हल्ली भांडीसुद्धा दबकत बोलतात. कुकरची शिट्टी व्हावयाच्या आत मी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतो. मोहरी तडतडू लागली की पत्नी मागल्या अंगणात जाऊन उभी राहते. तिला फायब्रोमायाल्जिया आहे. अंग दुखते हे मला लवकर पटले. परंतु ट्यूबलाइटचा उजेड टोचतो, उदबत्तीच्या वासाने मळमळते, इरकलीचा काठ खांद्याला काचतो, हे मात्र कित्येक वर्षे मला निव्वळ नाजूकपणाचे चोचले वाटत. एकदा पाहुण्यांदेखत मी तसे बोलूनही गेलो. (जन्मभर वर्गात ओरडत आलेल्या माणसाला शांततेची किंमत कोठून असावी!)

पुढे ग्रेसली व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा प्रयोग वाचनात आला. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूची चित्रे घेतली होती. निरोग्यांना जी वेदना भरपूर दाबाने झाली, तीच रुग्णांना त्याहून पुष्कळ कमी दाबाने झाली. आणि मेंदूतील कित्येक खुणाही त्याच उमटल्या. म्हणजे ढोंग नव्हते! मज्जासंस्थाच प्रत्येक संवेदना मोठी करून ऐकते, असे आज मानतात; आवाज, उजेड, गंध, काहीच त्यातून सुटत नाही.

मोठ्या उत्साहाने मी तो मजकूर पत्नीला वाचून दाखवू लागलो. तिने कानांवर हात ठेवले.

“अहो, जरा हळू,” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे ते.”