कानातला कापूस

इचलकरंजीत आमचे खाली आठ माग होते आणि वर घर. आईनं अण्णांना जेवायला कधी हाक मारली नाही, मारून उपयोगच नव्हता. जिन्याच्या तोंडाशी एक बटण होतं. ते दोनदा खाली-वर केलं की कारखान्यातला बल्ब मिचकायचा आणि अण्णा हात पुसत वर यायचे. फळीवरच्या वाट्या दिवसभर किणकिणायच्या. तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं कायमची. त्या खडखडाटात आम्ही पाढे पाठ केले, भांडलो, गाढ झोपलो. झोपमोड व्हायची ती आवाज थांबला की. रात्री दोन वाजता माग एकदम थंडावले की सगळं घर अंथरुणात उठून बसायचं आणि अंधारातून कुणीतरी म्हणायचं, "लाईट गेली."

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथं शांततेला चांगला अर्थ राहिला नसावा. माग बंद म्हणजे सूत महागलंय, नाहीतर व्यापाऱ्यानं पैसे अडकवलेत.

साध्या मागाचा आवाज मुळात माराचा असतो. लाकडी दांडा धोट्याला फटका देतो, धोटा ताण्यातून सुसाटत पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो, तिथून पुन्हा फटका. हे मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि असे आठ माग. अशा शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो. कारखान्यांच्या नियमात नव्वद डेसिबलला आठ तास आणि शंभरला दोनच तास मुभा आहे, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांची पाळी बारा तासांची.

ते कानात कापूस घालायचे. सगळेच घालायचे, कापसाला तिथं काय तोटा!

अशा आवाजानं कान सगळीकडून सारखा जात नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येईनासं होतं. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, फ, थ गळून पडतात. नातीची शाळेतली बडबड अण्णांना नुसती गुणगुण वाटते. ओठ मात्र ते पक्के वाचतात. शेडमध्ये सगळा कारभार ओठांवर आणि बोटांवरच चालायचा.

माग भंगारात किलोवर गेले. मी तोवर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि बाल्कनीत सुतारकामाचा नाद लावून घेतला होता. खिळे मारायला आणि पॉलिश फवारायला एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर आणला. आठवड्याभरात खालच्या काकू वर आल्या. अत्यंत गोड आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे रोज संध्याकाळी ट्रॅक्टर येतो का हो?"

मला राग आला नाही, नवल वाटलं. हा आवाज कुणाला खुपू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागवाल्याचं पोर!

मग प्लायवूडची पेटी केली आणि आतून स्पंज चिकटवला, त्यावर अंड्यांचे ट्रे. दिसायला स्टुडिओ, पण फरक जवळजवळ शून्य. स्पंज पेटीच्या आतला घुमारा कमी करतो; बाहेर जाणारा आवाज अडायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कुठे सहाएक डेसिबल कमी होतात. हे वाचताना अण्णांच्या कानातला कापूस आठवला. बापानं केलेली चूक मी चाळीस वर्षांनी, पैसे खर्चून, फेविकॉल लावून केली होती.

दुसरी पेटी जाड प्लायची, दुहेरी, आत रॉकवूल. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी, कारण पेटीच्या शंभर भागांतला एक भाग उघडा राहिला तरी वीस डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. आवाज पाण्यासारखा फटीतून निघतो. आता झाकण इतकं घट्ट बसलं की बाराव्या मिनिटाला कॉम्प्रेसर तापून बंद पडला. यंत्राला वारा हवा आणि काकूंना शांतता. शेवटी पेटीला नागमोडी बोळ काढला, आतून रॉकवूलचं अस्तर दिलं आणि तोंडाशी जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. वारा वळणं घेत जातो. आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात जिरतो. हा बोळ मला अजूनही फार आवडतो. पाहुण्यांना मी दाखवतो, ते चहा मागतात.

मोबाइलवर उघड्या कॉम्प्रेसरचे शहाऐंशी दिसायचे, पेटीबाहेर चौसष्ट. तरी काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टर गेला, पण छतात भुंगा शिरलाय."

त्या दिवाळीत अण्णा आले होते. मी पेटीखाली रबर घालत होतो, त्यावर शहाबादी फरशी ठेवत होतो, मोबाइल घेऊन रांगत होतो. अण्णांनी थोडा वेळ माझी गंमत पाहिली. मग वाकून पेटीवर तळहात ठेवला, फरशीवर ठेवला, आणि तसाच भिंतीवरून सरकवत नेला. हवेची नळी जिथं क्लिपनं भिंतीला आवळली होती तिथं हात थांबला.

"हितनं जातंय की."

खरंच तिथनंच जात होतं. थरथर रबराला वळसा घालून नळीवाटे भिंतीत आणि भिंतीतून स्लॅबमध्ये उतरत होती. हवेतला आवाज मोजणाऱ्या मोबाइलला ती काय सापडणार? मी क्लिप काढली, नळीला ढिला वेटोळा दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा बाल्कनीत माझ्याकडे पाठ करून बसले होते, पाय अनवाणी फरशीवर. मी बटण दाबलं. दाबाचा काटा चढू लागला. अण्णांनी पाय थोडा सरकवला, पुन्हा टेकवला. तळहात भिंतीला लावून पाहिला.

"लाईट गेली व्हय रं?"

पाठमोऱ्या माणसाला माझे ओठ दिसणार नव्हते. मी झाकणाच्या दोन्ही कड्या सोडल्या.